मजकूर आणि वर्तन : संगणकाच्या ‘मदत’ पानावरून एक अभ्यास

छापलेल्या अक्षरावर विश्वास ठेवणे ही शिकलेल्या माणसाची सवय असते. आपल्या समाजात हा विश्वास अधिक खोल आहे. ज्यांना कैक पिढ्या अक्षराच्या जवळ फिरकू दिले गेले नाही, त्यांच्या घरात पहिले पुस्तक आले ते अधिकार म्हणून आले. त्यामुळे लिहिलेले आहे म्हणजे ते बरोबरच असणार आणि लिहिल्याप्रमाणे घडले नाही तर चूक आपलीच असणार, असे आपली मुले सहज धरून चालतात. ही नम्रता वरवर पाहता गोड वाटते. पण ती शिक्षणाच्या आड येते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार आम्ही संगणकातील एका लहानशा दोषाच्या आधारे करणार आहोत. संगणक न हाताळलेल्या पालकांनाही तो समजावा, अशा बेताने मांडणी केली आहे.

१. ‘मदत’ म्हणजे काय?

देवळाली कॅम्पच्या थांब्यावर उभा असलेला प्रवासी गाडीची पाटी वाचून गाडीत चढतो. चालकाच्या मनात काय आहे, हे त्याला कळण्याचा दुसरा मार्ग नसतो. पाटी नाशिकरोडची असेल आणि गाडी भगूरकडे वळली, तर प्रवाशाला कोणी अडाणी म्हणत नाही. पाटी चुकली असेच सगळे म्हणतात. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण इतके स्पष्ट बोलत नाही.

आज बहुतेकजण मोबाइलच्या पडद्यावरील चित्रांना बोट लावून कामे करतात. तथापि संगणकाची कितीतरी महत्त्वाची कामे अजूनही एक ओळ टंकून करवून घेतली जातात. या पद्धतीस ‘कमांड लाइन’ म्हणतात. ओळीच्या आरंभी आज्ञेचे नाव असते आणि त्यापुढे तपशील असतो : कोणती फाइल, कोणता वर्ग, किती प्रती. या तपशिलाच्या प्रत्येक घटकास ‘आर्ग्युमेंट’ ही संज्ञा आहे. काही आर्ग्युमेंटे केवळ जागेवरून ओळखली जातात. काहींच्या आधी दोन आडव्या रेघा आणि एक नाव असते, त्यांना ‘ऑप्शन’ म्हणतात.

टंकलेली ओळ संगणकाला एकसंध दिसते. तिचे तुकडे करून कोणता तुकडा कोणत्या कामाचा, हे ठरवावे लागते. मराठीच्या तासाला आपण वाक्यातील पदांचे व्याकरण चालवितो, त्याच जातीचे हे काम आहे. ते प्रत्येक प्रोग्रामरने नव्याने करीत बसू नये म्हणून तयार संच उपलब्ध असतात; त्यांना ‘लायब्ररी’ म्हणतात. ‘पायथॉन’ या लोकप्रिय संगणकभाषेत ‘आर्गपार्स’ नावाची अशी लायब्ररी आहे. २०१० साली आलेल्या पायथॉनच्या २.७ या आवृत्तीपासून ती भाषेसोबतच मिळते.

या लायब्ररीची कामे दोन. पहिले, टंकलेल्या ओळीचा अर्थ लावणे. दुसरे, आज्ञा कशी द्यावी हे सांगणारे मदतीचे पान आपोआप तयार करणे. आज्ञेच्या नावापुढे दोन आडव्या रेघा आणि ‘हेल्प’ हा शब्द टंकला की हे पान पडद्यावर उमटते. वरच्या ओळीत आज्ञेचा नमुना असतो, खाली प्रत्येक ऑप्शनचा खुलासा असतो. चौकटी कंसात जे असेल ते गाळले तरी चालते, असा संकेत आहे. अर्थ लावणारा आणि पाटी रंगविणारा येथे एकच आहे. म्हणून पाटी चुकण्याचे कारण उरत नाही, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात तसे नाही.

२. पाटी कशी चुकते?

पहिले उदाहरण घेऊ. समजा, शाळेतील एका शिक्षकाने निकालपत्रे तयार करणारा प्रोग्राम लिहिला आणि त्याचे नाव ‘निकाल’ ठेवले. त्याला वर्ग सांगणे आवश्यक आहे. शिवाय ‘विषय’ नावाचा एक ऑप्शन आहे. त्यात एक किंवा अनेक विषय देता येतात. मदतीच्या पानावर नमुना असा उमटेल :

निकाल [--विषय विषय [विषय ...]] वर्ग

विद्यार्थी हा नमुना वाचतो आणि तंतोतंत त्याच क्रमाने टंकतो :

निकाल --विषय गणित इतिहास दहावी

संगणक उत्तर देतो की ‘वर्ग’ हे आर्ग्युमेंट आवश्यक आहे. विद्यार्थी चक्रावतो. वर्ग तर त्याने लिहिलेला आहे. झाले असे की, विषय कितीही असू शकतात म्हणून लायब्ररीने ‘दहावी’ हाही तिसरा विषय समजून उचलला आणि वर्गासाठी काहीच शिल्लक राहिले नाही. वर्ग आधी आणि विषय नंतर लिहिले असते, किंवा विषयांची यादी संपल्यावर नुसत्या दोन आडव्या रेघा देऊन मग वर्ग लिहिला असता, तर काम झाले असते. परंतु नमुन्याच्या ओळीत यातले काहीच नाही. ऑप्शन आधी आणि जागेवरून ओळखली जाणारी आर्ग्युमेंटे नंतर, असाच क्रम ही लायब्ररी नमुन्यात छापते. म्हणजे पानावरचा मार्ग जो जसाच्या तसा चालेल, तोच अडखळेल; आणि तूच काहीतरी द्यायचे विसरलास, असे वर ऐकूनही घेईल. हा दोष जाणकारांच्या परिचयाचा आहे. नवख्या मुलाला मात्र तो दोष म्हणून दिसत नाही. आपल्याला हे जमत नाही, असाच निष्कर्ष तो काढतो.

दुसरे उदाहरण मथळ्याचे. या लायब्ररीच्या मदत-पानावर सर्व ऑप्शनांच्या यादीवर ‘ऑप्शनल आर्ग्युमेंट्स’, म्हणजे ‘ऐच्छिक तपशील’, असा मथळा छापला जात असे. पण एखादा ऑप्शन सक्तीचा करण्याची सोयही त्याच लायब्ररीत होती. त्यामुळे दिल्याशिवाय प्रोग्राम चालतच नाही अशी गोष्ट ‘ऐच्छिक’ या मथळ्याखाली दिसे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या पायथॉनच्या ३.१० या आवृत्तीत हा मथळा बदलून नुसता ‘ऑप्शन्स’ असा करण्यात आला. जुना शब्दप्रयोग दिशाभूल करणारा होता, असे त्या आवृत्तीच्या अधिकृत टिपणात स्पष्ट नमूद आहे. एक शब्द सुधारण्यास अकरा वर्षे लागली. त्याच टिपणात आणखी एक सूचना आहे : ज्यांच्या चाचण्या जुन्या मजकुराशी शब्दशः जुळविलेल्या असतील, त्यांना त्या बदलाव्या लागतील. चुकीचा मजकूर बराच काळ टिकला की इतर व्यवस्था त्याच्या आधारावर उभ्या राहतात. मग दुरुस्तीलाही किंमत पडते. हा नियम केवळ संगणकापुरता नाही.

तिसरे उदाहरण होकार-नकाराचे. प्रोग्रामर लिहितो, ‘येथे खरे किंवा खोटे असे द्या,’ आणि ऑप्शनचा प्रकार म्हणून पायथॉनमधील ‘बूल’ हा खऱ्या-खोट्याचा प्रकार नेमून मोकळा होतो. वापरणारा ‘फॉल्स’, म्हणजे खोटे, असे टंकतो. प्रोग्राम ते ‘ट्रू’, म्हणजे खरे, असे धरतो. कारण पायथॉनच्या दृष्टीने रिकामा नसलेला कोणताही मजकूर ‘खरा’ असतो. त्यात नकार लिहिला आहे की होकार, हे तो वाचत नाही. लायब्ररीच्या अधिकृत माहितीपत्रात या धोक्याची सूचना आहे. पण ती प्रोग्राम लिहिणाऱ्यासाठी आहे. वापरणाऱ्याच्या मदत-पानावर ती पोहोचत नाही.

चौथे उदाहरण आम्हा शिक्षकांच्या ओळखीच्या चिन्हाचे. ‘उत्तीर्ण होण्यासाठी ३५% गुण आवश्यक’ असे वाक्य मदतीच्या मजकुरात लिहिले, तर मदत मागताक्षणी प्रोग्राम कोसळू शकतो. शेकड्याच्या चिन्हाला या मजकुरात विशेष अर्थ आहे. ते साधे चिन्ह म्हणून हवे असेल तर दोनदा लिहावे लागते. प्रोग्राम बाकी सारी कामे नीट करतो, पण जो मदत मागतो त्याच्यापुढे मात्र मोडून पडतो. ज्याला सगळे येते, त्याला हा दोष कधी भेटतच नाही.

चारही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. दोषाचा भार त्याच्यावर पडतो, ज्याला विचारायला दुसरे कोणी नसते. ज्या मुलाच्या घरात, नात्यात, शेजारात संगणक जाणणारे कोणी आहे, ते मूल मदतीचे पान बाजूला ठेवून त्या माणसाला विचारते. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या, घरातील पहिल्याच शिकणाऱ्या मुलाला ते पानच काका, मामा आणि थोरला भाऊ असते. म्हणून पान चुकणे ही त्याच्या बाबतीत किरकोळ बाब राहत नाही.

३. प्रामाणिक पानाची परंपरा

या क्षेत्रात प्रामाणिकपणाची एक जुनी परंपराही आहे, ती सांगितली पाहिजे. ‘युनिक्स’ या संगणकप्रणालीची पहिली प्रोग्रामर-पुस्तिका नोव्हेंबर १९७१ मध्ये निघाली. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची हे तिचे कर्ते. त्या पुस्तिकेत आज्ञेचे नाव, नमुना आणि वर्णन यांच्या जोडीला ‘बग्ज’, म्हणजे दोष, असाही एक मथळा आहे. आपली आज्ञा कोठे कमी पडते, हे कर्त्यांनी स्वतःच तेथे लिहून ठेवले. तो मथळा युनिक्सच्या मदत-पानांवर आजही आढळतो. आपल्याच कामातील उणीव आपल्याच पुस्तिकेत छापणे हे मोठेपणाचे लक्षण आहे. वाचणाऱ्याचा त्यात सन्मान आहे. कारण अडखळल्यावर त्याला कळते की दोष आपल्यात नाही.

मजकूर आणि वर्तन जुळते ठेवण्याचे आणखी तीन उपाय या क्षेत्राने शोधले आहेत. पहिला, एकच मूळ ठेवणे. उत्तीर्णतेची मर्यादा प्रोग्राममध्ये ४० केली आणि मदत-पानावर हाताने लिहिलेले ३५ तसेच राहिले, असे वारंवार घडते. आर्गपार्समध्ये मूळ मूल्य मजकुरात आपोआप उतरविण्याची सोय आहे. ती वापरली की एके ठिकाणी केलेला बदल दोन्हीकडे दिसतो. दुसरा उपाय याच्या उलट दिशेने जातो. ‘डॉकऑप्ट’ नावाच्या लायब्ररीत प्रोग्रामर आधी मदतीचे पान लिहितो आणि लायब्ररी ते पान वाचून, आज्ञेचा अर्थ कसा लावायचा, हे ठरविते. म्हणजे आधी वचन, मग त्यानुसार वर्तन. तिसरा उपाय पडताळणीचा. पायथॉनमधील ‘डॉकटेस्ट’ हे साधन माहितीपत्रात लिहिलेली उदाहरणे खरोखर चालवून पाहते आणि लिहिलेले उत्तर मिळते की नाही, हे तपासते.

तिन्ही उपायांच्या मुळाशी एक साधे तत्त्व आहे : जे लिहिले आहे ते करून पाहिल्यावाचून खरे मानू नये.

४. महाडचा दाखला

इतिहासाचा अभ्यासक म्हणून आम्हांस येथे महाडची आठवण होते. प्रोग्राममधील चूक आणि माणसाला पाणी नाकारणे या दोन गोष्टी एका मापाने मोजण्याचा आमचा हेतू नाही. एकात वेळ वाया जातो; दुसऱ्यात माणूसपण नाकारले जाते. परंतु लिहिलेला मजकूर आणि प्रत्यक्ष वर्तन यांतील अंतर कसे उघडे पाडावे, याचा महाडइतका स्पष्ट धडा आमच्या पाहण्यात नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक निधीतून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यास अनुसरून आपला ठराव केला आणि चवदार तळे सर्वांना खुले झाले. झाले, ते कागदावर. तीन वर्षे ठराव दप्तरात राहिला आणि तळ्यावरचा व्यवहार पूर्वीसारखाच चालला.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी घेतले. ठरावात लिहिले होते तेवढेच त्यांनी केले; एक अक्षर अधिक नाही. त्या दिवशी परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. मजकूर आणि वर्तन यांतील अंतर तोवर झाकलेले होते. लिहिल्याप्रमाणे वागून पाहताच ते जगासमोर आले.

पुढची घटना अधिक विचार करण्याजोगी आहे. मजकूर आणि वर्तन जुळत नसेल तर ते जुळविण्याचे दोन मार्ग असतात. वर्तन सुधारावे, किंवा मजकूर बदलावा. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. आता मजकूर आणि वर्तन जुळले. मात्र न्याय हरपला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला पुन्हा परिषद भरली. तळ्याचा दावा न्यायालयात चालत राहिला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

यावरून कळते की, विसंगती दिसल्यावर काय सुधारायचे, हा केवळ तांत्रिक प्रश्न नसतो. आर्गपार्सच्या मथळ्याबाबत मजकूर बदलणे योग्यच होते. तेथे वर्तनात खोट नव्हती, नाव चुकले होते. पण नमुन्यानुसार लिहिलेल्या आज्ञेत वर्ग ओळखलाच जात नाही, तेथे वाचणाऱ्याचे काय चुकले? कोणते वचन दिले होते, कोणाला दिले होते आणि ते मोडल्याचा भार कोणावर पडतो, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून सुधारणेची दिशा ठरवू नये.

५. धम्माच्या दृष्टीने

केसपुत्त नगरातील कालामांनी तथागतांना विचारले होते की, प्रत्येक जण आपलेच मत खरे म्हणतो, तर कोणावर विश्वास ठेवावा? अंगुत्तर निकायातील त्या सुत्ताचा आशय असा : ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नये, ते हितकर आहे की अहितकर, हे स्वतः जाणून घ्यावे. धम्माला ‘एहिपस्सिको’ हे विशेषण आहे. या आणि पाहा, असा त्याचा अर्थ. ही सरसकट अविश्वासाची शिकवण नव्हे. जो करून पाहतो, तो वाचलेल्याचा अपमान करीत नाही; उलट त्याला इतके महत्त्व देतो की त्याची पारख करण्याचे कष्ट घेतो.

लिहिणाऱ्यासाठीही धम्मात मार्गदर्शन आहे. चौथे शील असत्य वचनापासून दूर राहण्याचे आहे आणि सम्यक वाचा हे अष्टांगिक मार्गाचे अंग आहे. नकळत चुकलेला मजकूर असत्य वचन ठरत नाही. कारण त्यामागे फसविण्याची चेतना नसते. परंतु चूक कळल्यानंतरही ती तशीच ठेवली, तर मात्र नकळत हा शब्द वापरता येत नाही. त्या क्षणापासून जबाबदारी सुरू होते.

आपले माजी विद्यार्थी आज निरनिराळ्या ठिकाणी लिहिणाऱ्याच्या जागी बसलेले आहेत. कोणी प्रोग्राम लिहितो, कोणी कार्यालयातील सूचनाफलक लिहितो, कोणी शिष्यवृत्तीच्या अर्जाची माहिती गावातील मुलांना सांगतो. त्यांना आमची विनंती आहे. आपण लिहिलेली सूचना, त्या कामातले काही न जाणणाऱ्या व्यक्तीच्या हाती द्यावी आणि शेजारी बसून, एक शब्दही न बोलता, ती कोठे अडते ते पाहावे. ती जेथे अडेल, तेथे आपला मजकूर अपुरा आहे असे समजावे.

पालकांनाही एक सांगणे आहे. मूल म्हणाले की ‘पुस्तकात लिहिल्याप्रमाणे केले तरी होत नाही,’ तर त्याला लगेच निष्काळजी ठरवू नये. प्रथम त्याने काय वाचले, मग काय केले आणि शेवटी काय घडले, हे तीन भागांत लिहून काढावयास सांगावे. चूक मुलाची असेल तर ती या तीन ओळींत त्याला स्वतःलाच दिसेल. चूक पुस्तकाची असेल तर तीही दिसेल. आणि त्या दिवशी मूल गणिताहून किंवा संगणकाहून मोठे असे काही शिकलेले असेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ‘निकाल --विषय गणित इतिहास दहावी’ या आज्ञेत ‘दहावी’ हा वर्ग का ओळखला गेला नाही? ही आज्ञा दोन प्रकारे दुरुस्त करून लिहा.

२. मजकूर बदलून सुटणारी आणि वर्तन बदलूनच सुटणारी अशी प्रत्येकी एक विसंगती आपल्या परिसरातून शोधा. दोहोंतील फरक कारणांसह सांगा.

३. ४ ऑगस्ट १९२३ आणि ४ ऑगस्ट १९२७ या दोन दिवशी काय घडले? दोन्ही घटनांचा परस्परसंबंध आपल्या शब्दांत मांडा.

४. घरातील कोणत्याही उपकरणासोबत आलेले माहितीपत्रक घ्या. त्यातील एक सूचना अक्षरशः पाळून पाहा. काय वाचले, काय केले, काय घडले, हे तीन ओळींत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.

नमो बुद्धाय! जय भीम!